सेलमागचे हात

पांढरे सुती हातमोजे, त्यांचा अंगठा आणि पहिली दोन बोटं कापलेली. १९७९ साली दादरच्या एका छोट्या जाहिरातपट-स्टुडिओत कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी हे मोजे हातात पडले. उघड्या बोटांनी टाक धरायचा. बाकीचा हात सेलवर टेकला तरी घामाचा डाग पडता कामा नये. माझं भांडवल म्हणजे इंटरमिजिएट ड्रॉइंगची ‘ए’ ग्रेड.

सेल म्हणजे ॲसिटेटचा पारदर्शक ताव. ॲनिमेटरच्या पेन्सिल-चित्रावर ठेवून रेघ न् रेघ शाईनं गिरवायची, मग सेल उलटी करून मागून रंग भरायचा. तो फासायचा नाही. थेंब सोडून ब्रशच्या टोकानं रेघेपर्यंत ढकलत न्यायचा, म्हणजे पुढून फटकारे दिसत नाहीत. एकावर एक तीन सेल ठेवल्या की तळाचा रंग किंचित मळकट दिसतो, म्हणून तळाच्या सेलसाठी तोच पिवळा जरा उजळ करून घ्यायचा. हे डोळ्यांत बसायला मला सहा महिने लागले. पडद्यावरच्या एका सेकंदाला साधारण बारा चित्रं लागत. जुलैत रंग वाळतच नसे.

ॲनिमेशनचा इतिहास सांगताना आपण पेन्सिल धरणाऱ्यापाशी थांबतो, हे मला मान्य नाही. विन्झर मॅके यांच्या १९१४ च्या ‘गर्टी द डायनोसॉर’मध्ये सेल नव्हती, मागचा देखावा दर चित्रात नव्यानं काढावा लागे. तो काढणाऱ्या शेजारच्या कलाविद्यार्थ्याचं, जॉन फिट्झसिमन्सचं, नाव निदान टिकलं. डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी शाई आणि रंगाच्या खात्यात राबल्या त्या मुख्यतः बायका. श्रेयनामावलीत त्या नाहीत. पुढे १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’च्या वेळी टाकाचं काम झेरॉक्सकडे गेलं, १९९० च्या ‘द रेस्क्युअर्स डाउन अंडर’च्या वेळी रंगाचं काम संगणकाकडे.

आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग मुंबईत १९५६ साली सुरू झाला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. ॲनिमेटर राम मोहन तिथेच घडले. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा ॲनिमेशनपट घराघरात पाठ आहे. तो घडवणाऱ्या विजया मुळे, भीमसैन, वसंत देसाई यांची नावं आदरानं घेतली जातात आणि घ्यायलाच हवीत. पण त्या चित्रांत रंग कोणी भरले, हा प्रश्न मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मुलांसाठीच्या चार मिनिटांच्या एका चित्रपटावर आम्ही सहा जणी तीन महिने बसलो होतो. नामावलीत आमच्यापैकी एकीचंही नाव आलं नाही. चित्रीकरण संपल्यावर सेल पुन्हा वापरायच्या म्हणून पाण्यात बुडवून धुतल्या. धुणारीही मीच. पिवळा, मग निळा, मग सगळं पाणी करडं झालं. त्यातल्या फक्त तीन सेल माझ्याकडे उरल्या आहेत.

मुंबईत पेडर रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं आहे. त्यानं शाई-रंगाचं काम केलेल्या या कामगारांच्या मुलाखती आत्ताच नोंदवायला हव्यात. आम्ही सगळ्या साठी-सत्तरीच्या पुढे गेलो. तुमची आई, मावशी, आत्या अशा स्टुडिओत होती का, तिला विचारा आणि तिच्या सोबतिणींची नावं लिहून घ्या. घरात सेल असल्या तर मध्ये बटर पेपर घालून सपाट ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. व्हिनेगरचा वास येऊ लागला तर ॲसिटेट कुजायला लागलंय असं समजा आणि त्या सेलचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.