सेंट्रिंग निघायच्या आत

जेलरोड, उपनगर, जयभवानी रोड. नाशिकरोडच्या या पट्ट्यातल्या जुन्या कॉलन्यांत दोन बंगल्यांच्या मधे एक चिंचोळी जागा असते. तिथे ड्रेनेजचं चेंबर असतं, पाण्याची मोटर असते, कपडे वाळत घालायची दोरी असते आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी तिथेच उघडते. नकाशात तिला सामासिक अंतर म्हणतात, माणसं साइड मार्जिन म्हणतात. एक दिवस तिथे पत्रे पडतात. काही महिन्यांनी पत्र्याखाली विटांची भिंत येते, मग वर स्लॅब. खिडकी उघडली की समोर गिलावा न केलेली भिंत, हात लांब केला तर बोटं टेकतील इतकी जवळ. भर दुपारी ओट्यावर दिवा लावावा लागतो आणि ड्रेनेज तुंबलं तर चेंबरचं झाकण उघडायला माणूस आत शिरू शकत नाही.

ज्याच्या खिडकीसमोर हे उभं राहतं, तो आधी तक्रार करत नाही. शेजारी म्हणजे गणपतीच्या वर्गणीतला, हळदीकुंकवाला येणारा, रात्री-अपरात्री दवाखान्यात गाडी काढून नेणारा. त्याच्याविरुद्ध अर्ज द्यायला जीव धजत नाही. आधी बोलून पाहिलं जातं, मग मध्यस्थ घालून. यात एक-दोन महिने जातात आणि तेवढ्यात स्लॅब भरून होतो. अर्ज महापालिकेच्या आवक-जावक खिडकीवर पोचतो तेव्हा भिंतीला रंगही लागलेला असतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो, आणि ती पोच घडी करून घरपट्टीच्या पावत्यांसोबत पिशवीत जाते.

नाशिकरोडच्या, किंबहुना राज्यातल्या प्रत्येक शहराच्या, बांधकाम तक्रारींचं दुखणं या वेळेच्या हिशेबात आहे. कायदा कमकुवत आहे असं सर्रास म्हटलं जातं. तो वाचला तर तसं दिसत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५४ खाली चालू काम थांबवण्याची नोटीस देता येते. महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६० खुलासा मागवून बांधकाम पाडण्याचा अधिकार देतं. नगररचना कायद्यातलं कलम ५६अ तर फार थोड्या तक्रारदारांना ठाऊक असतं : पुरेसं कारण नसताना कारवाई न करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे गप्प बसणं हासुद्धा कायद्यानं गुन्हा ठरवला आहे.

हीच हत्यारं काम पूर्ण झाल्यावर बोथट होतात. मंजूर नकाशा सोडून केलेल्या कामाला कलम ५३ खाली नोटीस दिली, तर मालकाला किमान महिनाभराची मुदत मिळते. त्या मुदतीत तो बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करू शकतो आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. त्यातून नोटीस सुटलीच तर न्यायालयाची स्थगिती असते. कलम ५२ मध्ये शिक्षा आहे ती एक महिना ते तीन वर्षं कैदेची, पण दंड दोन ते पाच हजार रुपयांचा. तीन मजले चढवणाऱ्याला पाच हजारांची काय पर्वा? आणि एकदा आत माणसं राहायला आली, की पाडणाऱ्याच्याही मनात माया येते. ती यावीच. म्हणून तर कारवाईची खरी वेळ सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, उभं असतानाची.

हे नाशिककरांना परक्याच्या उदाहरणावरून शिकायची गरज नाही. ‘कपाट’ हा शब्द या शहरात दहा वर्षांपूर्वी घराघरांत पोचला. भिंतीतल्या कपाटाची जागा चटईक्षेत्रात मोजायची नाही, अशी सवलत नियमांत होती. असंख्य इमारतींत ती जागा सरळ खोलीत घेतली गेली. खोली दोन फुटांनी मोठी झाली आणि ती विकली गेली. २०१५ च्या सुमारास महापालिकेने याला हरकत घेतली आणि पूर्णत्वाचे दाखले अडले. हजारो सदनिकाधारक कर्जाचे हप्ते भरत होते, पण त्यांच्या घराला कागद नव्हता. मग वाटा शोधल्या गेल्या. सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते नऊ मीटरचे धरून जादा चटईक्षेत्र बसवायचं, कलम ५२अ खाली दंड भरून बांधकाम नियमित करायचं. ५२अ हे राज्याने २०१७ मध्ये आणलेलं कलम, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांसाठीचं. पुढची वाट २०२० च्या डिसेंबरात राज्यासाठी आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीची.

या सगळ्या वर्षांत हाल झाले ते घर घेणाऱ्यांचे. कपाट खोलीत घेतलं जात होतं ते दिवसाढवळ्या. वीट रचली जात होती तेव्हा टेप लावला असता तरी कळलं असतं. तेव्हा कुणी टेप लावला नाही, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे आणि तो अजून पुरता घेतला गेलेला नाही.

तक्रारीला उत्तर मिळतं हे नाशिकने पाहिलंही आहे. २०१८ मध्ये फेब्रुवारी ते नोव्हेंबर एवढाच काळ तुकाराम मुंढे इथे आयुक्त होते. ‘एनएमसी ई-कनेक्ट’ अ‍ॅपवर तक्रार नोंदवायची, ठरलेल्या मुदतीत अधिकाऱ्याने ती हाताळायची, अशी शिस्त त्यांनी लावली. ‘वॉक विथ कमिशनर’मध्ये भल्या सकाळी लोक मैदानावर अर्ज घेऊन उभे राहायचे. त्यांच्या करवाढीवरून वादळ झालं, अविश्वास ठरावापर्यंत गोष्ट गेली आणि अखेर बदली झाली. त्यांच्या इतर निर्णयांवर मतभेद असू शकतात. पण आपल्या अर्जावर कुणाला तरी उत्तर द्यावंच लागेल, हा भरवसा त्या नऊ-दहा महिन्यांत लोकांना आला होता. अ‍ॅप एका आयुक्तासोबत येतं. भरवसा मात्र खुर्चीत कोण आहे यावर टांगलेला राहतो, आणि तोच बदलायला हवा.

त्याआधी आणि त्यानंतरही लोकांचा खरा रस्ता नगरसेवकाच्या दारातून जायचा. २०१७ च्या निवडणुकीत १२२ नगरसेवक होते. बहुतेक प्रभागांत चार-चार. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवक तक्रार दाबतोही, हे खरं. तरी दार वाजवायला एक ओळखीचं घर होतं. ते नसताना उरला तो अ‍ॅपवरचा ‘तक्रार निकाली’ हा शेरा. नोटीस बजावली की तक्रार निकाली काढायची, ही कार्यालयीन सवय सगळ्यात जास्त विश्वास घालवते. भिंत जागेवर आहे आणि तक्रार मिटली आहे, असं लेखी वाचणाऱ्या माणसाला व्यवस्थेबद्दल काय वाटत असेल?

नाशिकरोडची आणखी एक खास अडचण आहे. हे गाव रेल्वे स्टेशन आणि नोटांच्या सरकारी प्रेसभोवती वाढलं. त्याची स्वतःची नाशिकरोड-देवळाली नगरपालिका होती, ती १९८२ मध्ये महापालिकेत आली. आजही इथे रेल्वेची हद्द, मध्यवर्ती कारागृहाची हद्द, प्रेसची हद्द, पुणे महामार्ग आणि पलीकडे देवळाली कॅम्पचं छावणी मंडळ एकमेकांना खेटून आहेत. स्टेशनजवळच्या एखाद्या टपरीबद्दल अर्ज केला तर पहिलं उत्तर ‘ही आमची हद्द नाही’ असं येऊ शकतं. विभागीय कार्यालय म्हटलं तरी इथे दोन आहेत, एक महापालिकेचं आणि एक महसूल आयुक्तांचं. नवख्या माणसाची एक फेरी त्यातच जाते. हद्द शोधण्याचं काम तक्रारदाराचं का असावं? अर्ज ज्या खिडकीवर आला त्या खिडकीनेच तो योग्य कार्यालयाकडे पाठवावा आणि पाठवल्याचं पत्र अर्जदाराला द्यावं, एवढं सहज करता येईल.

दुर्लक्षाची किंमत या राज्याने जिवांनी मोजली आहे. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जण गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग पडला, १७ जण गेले. ती इमारतही अनधिकृतच होती. जेलरोडवरच्या साइड मार्जिनमधली भिंत म्हणजे शिळफाटा नव्हे. पण पायऱ्या त्याच : परवानगी नाही, तपासणी नाही, राहायला माणसं, आणि फायलीत एक नोटीस.

दुसरी बाजूही तितक्याच गंभीरपणे घ्यायला हवी. तक्रार हे सूड उगवण्याचं आणि पैसे उकळण्याचंही साधन होतं. वाटणीवरून बिनसलेला भाऊ, माहिती अधिकाराचा अर्ज दाखवून बांधकामावर चकरा मारणारा ‘कार्यकर्ता’, हे लोक प्रत्येक प्रभागाला ठाऊक आहेत. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडण्याची संधी आणि कारणांसह लेखी आदेश बंधनकारक केला. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरची बांधकामं त्यातून वगळली. हे संरक्षण आवश्यकच आहे. उद्या २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते मोकळे करताना घाई होईल, तेव्हा ते अधिकच लागेल.

महिनाभरानंतर, १७ डिसेंबर २०२४ ला, त्याच न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात दिलेले निर्देश मात्र थेट सेंट्रिंगच्या वेळेला हात घालतात. बांधकाम चालू असेतो मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा. अधिकाऱ्याने वेळोवेळी पाहणी करून नोंद ठेवावी. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा नाही, वीज-पाण्याची जोडणी नाही. अशी नोंद लोकांसमोर ठेवता येते हे बाहेर दिसतंच : न्यू यॉर्कमध्ये २००३ पासून ३११ या एका क्रमांकावर शहराच्या तक्रारी घेतल्या जातात आणि एखाद्या इमारतीवर कोणती तक्रार आली, तिचं पुढे काय झालं, हे कुणालाही पाहता येतं. तिथे तक्रारदाराला शेजाऱ्याच्या दारात उभं राहून वाद घालावा लागत नाही, कारण नोंद शहराची असते.

नाशिकरोडला सुरुवात मंजूर नकाशाच्या त्या एका कागदापासून करता येईल. बांधकामाच्या फाटकावर परवानगी क्रमांक आणि मंजूर नकाशा, सामासिक अंतराचे आकडे मोठ्या अक्षरांत. नकाशा समोर असला की शेजाऱ्याला ‘तुम्ही चुकताय’ असं म्हणायची वेळ येत नाही. दोघं मिळून टेप लावू शकतात. कागद नसेल, तर अर्ज काम पूर्ण व्हायची वाट न पाहता द्यावा. तारखेसह फोटो जोडावा, काम थांबवण्याची नोटीस दिली का हे त्यातच विचारावं, आणि माहिती अधिकारात परवानगीची व जोते तपासणीची प्रत मागावी. तिथे उत्तराला ३० दिवस लागू शकतात. स्लॅबचं सेंट्रिंग त्याच्या आतच निघतं, म्हणून काम थांबवण्याचा अर्ज आधी, त्याच दिवशी, आणि पोच हातात घेऊनच खिडकीवरून हलायचं.