शेगोकारच का?

शेगोकार हे आडनाव वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगितले की तो ते ताबडतोब दुरुस्त करून देतो, "म्हणजे शेगावकर ना?" माझ्या शिधापत्रिकेवर शेगोकार आहे, दहावीच्या गुणपत्रिकेवर शेगावकर. लिहिणाऱ्याने न विचारताच शुद्ध केले. परिणामी शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत हे दोघे एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

माझे स्पष्ट मत आहे की यात शुद्ध करण्यासारखे काही नव्हतेच. आपल्या बुलढाणा-अकोल्याकडे तळेगावचा तो तळोकार आणि अडगावचा तो अडोकार. 'गाव' विरघळून 'ओ' उरतो, 'कर'चा 'कार' होतो. शेगावात 'ग' तेवढा टिकला. एकच बदल एकाच रीतीने घराघरांत होत असेल तर ती जिभेची चूक कशी? तो बोलीचा नियम झाला. आणि 'गाव' तरी कुठे शुद्ध आहे? ते 'ग्राम' झिजूनच आले ना! अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांचे आडनावही इंग्लंडातील डरहॅम परगण्यातल्या एका खेड्याचे, आणि तेही शतकानुशतके झिजलेले. ते मात्र आपण मुकाट्याने पाठ करतो.

आमच्या संग्रामपूर तालुक्यात वानखेड आहे. वानखेडचे ते वानखेडे; तेथे 'कर'सुद्धा नाही. मुंबईच्या क्रिकेट मैदानाला ते आडनाव आहे, म्हणून कुणी वानखेडकर करा म्हणत नाही.

शेगाव म्हटले की लोकांना १८७८ साली तेथे प्रकटलेले गजानन महाराज आठवतात आणि आम्हाला उगाच मान मिळतो. (आडनाव विचारणाऱ्याला पुष्कळदा जात हवी असते, तो भाग वेगळा.) पण शेगावातच राहणाऱ्याला शेगोकार कोण म्हणेल? गावाचे नाव माणसाला चिकटते ते गाव सुटल्यावर. आमचा कुणी पूर्वज शेगाव सोडून निघाला, आणि ज्या गावी टेकला तेथल्या लोकांनी त्याला आपल्या बोलीत हाक मारली. माझ्या आधी घरात कुणी कॉलेजात गेले नाही. आजोबा अंगठा उठवीत. आमच्या घराण्याचा इतिहास म्हणून एवढा एकच शब्द शिल्लक आहे, आणि त्यातही शेगावपेक्षा हाक मारणाऱ्यांचा आवाज अधिक आहे. 'शेगावकर' लिहिले की नेमका तोच पुसला जातो.

पदवीवर शेगोकार यावे म्हणून आता राजपत्रात नावातील बदल छापून घ्यावा लागेल. आहे तेच नाव 'बदलून' घ्यायचे! फी भरायला वडील तयार आहेत.