यंत्रपूजेच्या रांगेतील न जोडलेले हात

विजयादशमी हा देवघराचा उंबरठा ओलांडून कामाच्या जागी जाणारा सण होय. गौरी-गणपती घरी येतात, दीपावलीत लक्ष्मी घरी येते; दसऱ्याला मात्र शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र आणि व्यापाऱ्याचा तराजू झेंडूच्या माळा लेवून उभे राहतात. ज्याने पोट भरते त्याच्यापुढे वर्षातून एकदा मस्तक लववावे, ही भावना मोठी सुंदर आहे. परंतु घरची पूजा आपल्या माणसांत होते, तर कामाच्या जागेची पूजा ही निवड न करता एकत्र आलेल्या माणसांत होते. त्यांत एखादा देव न मानणाराही असतो. त्याचे आपण काय करतो, हा प्रश्न वरवर लहान दिसला तरी तो आपल्या श्रद्धेचीच परीक्षा पाहणारा आहे, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाचा विचार करावयास काल्हेरसारखे दुसरे ठिकाण नाही. ठाण्याहून निघून खाडीवरील पूल ओलांडला की कशेळी लागते, मग काल्हेर, पुढे पूर्णा आणि अंजूरफाटा. एके काळी खाडीकाठची भातशेती हे या पट्ट्याचे रूप होते. मुंबई बंदर व शहर जवळ, जमीन तुलनेने स्वस्त आणि महानगराच्या जकातीची हद्द अलीकडेच संपलेली. यामुळे येथे गोदामे उभी राहू लागली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. औषधांपासून चपलांपर्यंत आणि धान्यापासून दूरदर्शन संचांपर्यंत महानगरास लागणारा माल या गावांतून फिरतो. आता याच रस्त्यावर ठाणे-भिवंडी-कल्याण या पाचव्या मेट्रो मार्गाचे खांबही उभे राहिले आहेत.

अशा गोदामात दसऱ्याच्या दिवशी काय दिसते? वजनकाट्याला हळदकुंकू, मालवाहू टेम्पोच्या चाकाखाली लिंबू, फोर्कलिफ्टच्या दांड्यांना झेंडूची माळ. आगरी घरातला स्थानिक तरुण, मराठवाड्यातून आलेला हमाल, उत्तर भारतातील पॅकिंग कामगार आणि मुंबईहून रोज येणारा हिशेबनीस एका रांगेत उभे. आरती होते, नारळ फुटतो, पेढा वाटला जातो. वर्षभर एकमेकांना आवाज देण्यापलीकडे न बोललेली माणसे त्या अर्ध्या तासात एकमेकांकडे पाहून हसतात. या आनंदाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु त्या रांगेत एखाद्याचे हात जोडलेले नसले, तर सर्वांची नजर देवावरून त्याच्याकडे वळते.

थोडे, परंतु आपलेच

आपण देव मानीत नाही, असे उघडपणे सांगणारी माणसे संख्येने थोडी आहेत. २०११ च्या जनगणनेत आपणांस स्पष्टपणे नास्तिक म्हणवून घेणारे सबंध देशात सुमारे ३३ हजार होते. त्यांत साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातील, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. संतांच्या या भूमीत हा आकडा सर्वांत मोठा असावा, याचे काहींना वैषम्य वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. मनातले उघड बोलण्याची मुभा येथे थोडी अधिक आहे, असाही त्याचा अर्थ लावता येतो. शिवाय ज्यांनी खानेसुमारीच्या कागदावर तसे लिहिले नाही, पण रांगेत उभे राहताना ज्यांचे मन आत कुठेतरी अडखळते, त्यांची मोजदाद कोण करणार?

कामाच्या जागी या माणसाची कुचंबणा तीन प्रकारे होते. पहिली वर्गणीची. ती मागितली जात नाही, कापली जाते. दुसरी उपस्थितीची. पूजेला न येणारा ‘आपल्यातला नाही’ असे ठरते, आणि पुढे पाळी ठरविताना, रजा देताना, ठेकेदाराला कामावरून कमी करावयाची नावे सांगताना ती गोष्ट आठवणीत राहते. तिसरी कुचंबणा सर्वांत अवघड, ती अपशकुनाची. उंच थप्प्यांखाली आणि धावत्या यंत्रांच्या मध्ये राबणाऱ्या माणसाला भय असतेच. पूजेने ते भय थोडे निवते. अशा वेळी एकाने पूजा नाकारली तर इतरांस वाटते, याच्यामुळे आपल्या साऱ्यांवर संकट येईल. हे भय हसण्यावारी नेण्यासारखे नाही. २९ एप्रिल २०२३ रोजी याच भिवंडी तालुक्यातील वळपाडा येथे गोदाम असलेली इमारत कोसळून माणसे दगावली. संकट येते तेव्हा छताखाली कोण कोणत्या श्रद्धेचा आहे हे पाहत नाही. आणि ते टाळण्याचे काम भक्कम खांब, मोकळी वाट व तपासलेला ब्रेक यांनीच होते. यंत्राची पूजा करणाऱ्याने त्याची निगाही राखली पाहिजे; आणि पूजा न करणारा जर निगा चोख राखीत असेल, तर तो आपल्या सोबत्यांच्या जिवाचा रक्षकच आहे.

नाशिकचा निकाल आणि त्याच्या पलीकडे

असा एक प्रसंग न्यायालयापर्यंत गेला होता. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी सर्वांबरोबर उभे राहत; परंतु हात जोडीत नसत. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यास संमती देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेने यास बेशिस्त मानले आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी रोखून धरली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निर्णय दिला. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करणे हे राज्यघटनेने दिलेल्या स्वातंत्र्याचे उल्लंघन आहे आणि त्यास नकार देणे म्हणजे बेशिस्त नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. घटनेचे २५ वे कलम धर्मस्वातंत्र्याच्या आधी सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उच्चार करते, हे आपण बहुधा विसरतो. पुढे २०१४ साली याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. ‘माझा कोणताही धर्म नाही’ असे सांगण्याचा हक्कही त्या स्वातंत्र्यात येतो आणि शासन कोणासही धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्वाळा दिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नाशिकच्या शिक्षकांच्या पाठीशी घटना उभी राहिली, कारण शाळा शासनमान्य होती. मूलभूत हक्कांचा धाक मुख्यतः शासनाला आणि त्याच्या मान्यतेवर वा अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना असतो. काल्हेरच्या गोदामातील कामगार बहुधा खाजगी ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. त्याच्या हातात नेमणुकीचे पत्र असेलच असे नाही. उद्यापासून येऊ नको, एवढे तीन शब्द त्याच्यासाठी पुरेसे असतात. कायद्याचा थोडा आधार आहे. वेतनाविषयीचा १९३६ चा कायदा घ्या वा त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतनसंहिता घ्या. मजुरीतून काय कापता येते याची यादी दोहोंत दिली आहे आणि उत्सवाची वर्गणी तीत नाही. परंतु शे-दोनशे रुपयांसाठी कोणता हमाल कचेरीच्या पायऱ्या चढेल? म्हणूनच न्यायालय जेथे पोहोचत नाही तेथे सोबत्यांची सज्जनता पोहोचली पाहिजे. हा प्रश्न शेवटी आस्तिकांच्या पदरात येऊन पडतो तो असा.

परंपरा काय सांगते?

कोणी म्हणेल, पाच मिनिटे हात जोडले तर काय बिघडते? प्रश्न रास्त आहे. पण तो उलट करूनही पाहावा. गोष्ट इतकी क्षुल्लक असेल तर तिचा आग्रह तरी कशासाठी? आणि ती क्षुल्लक नसेल, नमस्कार ही खरोखर अंतःकरणाची क्रिया असेल, तर जबरीने जोडलेल्या हातांनी ती घडेल कशी? अशा नमस्काराने देव फसत नाही. फसतो तो फक्त मुकादम.

आपल्या परंपरेने हा विचार केलेला आहे. वाल्मीकि रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या सभेतील जाबालि श्रीरामांपुढे उघड उघड नास्तिक मत मांडतो. श्रीरामांनी ते अत्यंत कठोर शब्दांत खोडून काढले, जाबालीने माघार घेतली आणि वसिष्ठांनी त्याचा हेतू रामास परत फिरविण्याचा होता असे सांगून समेट केला. मताला मताने उत्तर मिळाले, शब्दाला शब्दाने. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सृष्टीचा उलगडा ईश्वरावाचून केला आहे. वेदांना सर्वस्व मानणाऱ्या पूर्वमीमांसेलाही जगत्कर्त्या ईश्वराची गरज भासली नाही. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथाचा आरंभच चार्वाकाच्या मताने होतो. आणि भगवद्गीतेत सारे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनास काय म्हणतात? पुरता विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसे कर. प्रत्यक्ष भगवंतांनी जी मुभा दिली, ती ठेकेदाराने नाकारावी हे कोणत्या शास्त्रात बसते?

महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात तर एकत्र काम करणाऱ्या आस्तिक-नास्तिकांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी शाळा काढली, वृत्तपत्रे काढली, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. टिळक श्रद्धावान, आगरकर अज्ञेयवादी. देवधर्माच्या रूढ कल्पना आगरकरांनी कधी मानल्या नाहीत. तरी १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक तेच होते. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांचे बिनसले, आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि लेखणीचे वार झाले. पुण्यातील सनातन्यांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. परंतु ज्यांच्या घरी आगरकर नांदत होते ती यशोदाबाईंची व्रतवैकल्ये त्यांनी बंद पाडली नाहीत. आणि १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव उभा करणाऱ्या हातानेच एका अश्रद्ध सोबत्याला निरोप दिला, हे आज उत्सवाच्या मंडपात बसणाऱ्यांनी आठवावे.

आपल्या पिढीने पाहिलेले उदाहरण डॉ. श्रीराम लागूंचे. मराठी रंगभूमीवर प्रयोगाआधी नटराजाची पूजा होते, नारळ वाढविला जातो. त्या रंगभूमीवर हा नटश्रेष्ठ परमेश्वराला निवृत्त करा असे जाहीरपणे म्हणत आयुष्यभर वावरला. २०१९ साली ते गेले. ‘नटसम्राट’ पाहून डोळे पुसणाऱ्या भाविक प्रेक्षकांनी त्यांच्या श्रद्धेची चौकशी कधी केली नाही.

दोघांचीही कर्तव्ये

अर्थात टाळी एका हाताने वाजत नाही. देव न मानणाऱ्यानेही काही पथ्ये पाळली पाहिजेत. सोबत्यांच्या पूजेच्या वेळी टिंगल करणे, प्रसादावर शेरे मारणे हा विवेक नव्हे, उद्दामपणा होय. नाशिकचे शिक्षक प्रार्थनेच्या वेळी सर्वांबरोबर उभे राहत, हे विसरू नये. हात न जोडताही सतरंजी अंथरता येते, पाण्याचे पिंप भरता येते, सणाच्या दिवशी स्वतः पाळी घेऊन एखाद्या भाविकाला घरी पाठविता येते. कित्येक जागी हे घडतही असते.

मालक, ठेकेदार आणि भाविक सोबती यांना आमचे सांगणे थोडके आहे. वर्गणीचा डबा ठेवावा, मजुरीतून कापू नये. डब्यात कोणी किती टाकले याची यादी भिंतीवर लावू नये. बोनसचे पाकीट हा कामगाराचा हक्क आहे. ते पूजेच्या ताम्हनापुढे रांग लावून देऊ नये, म्हणजे हक्क आणि प्रसाद यांची गल्लत होणार नाही. न आलेल्याची चौकशी करावयाचीच, तर तो आजारी तर नाही ना, एवढ्यापुरती करावी. यांतील एकाही गोष्टीने देवाच्या पूजेत उणेपणा येत नाही. उलट जे उरतात ते मनापासून उरतात.

सायंकाळी गोदामाची दारे लागतात आणि आपट्याची पाने हातोहात फिरू लागतात. या सणाचा शेवट आपल्या पूर्वजांनी मोठ्या शहाणपणाने योजिला आहे. पूजा देवाची, परंतु सोने द्यावयाचे ते माणसाने माणसाला. सोने घेणाऱ्याला कोणी मंत्र म्हणावयास सांगत नाही. सकाळच्या आरतीत ज्याचे हात जोडले गेले नाहीत, त्याच्या हातावरही ते पान ठेवावे, आणि त्यानेही ते आनंदाने घ्यावे. सीमोल्लंघन म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आमच्या सर्व वाचकांस विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा.