एप्रिल-मेमध्येही आइसबर्गच कशाला?

मे महिन्यात पुण्याजवळच्या एखाद्या रोपवाटिकेत लेट्यूसचा प्रो-ट्रे भरावा आणि आठवड्याने बघावं, तर बरेच कप्पे रिकामेच. शिव्या बी विकणाऱ्याला बसतात, पण दोष बहुधा उन्हाचा असतो. कोकोपीट २८-३० अंशांच्या पुढे तापलं, की लेट्यूसच्या पुष्कळ वाणांचं बी जिवंत असूनही उगवत नाही. त्यामुळे जाणते रोपवाटिकावाले उन्हाळ्यात संध्याकाळी पेरतात आणि ट्रे पहिले दोन दिवस गार खोलीत ठेवतात. बी खोलही दाबत नाहीत, कारण अनेक वाणांच्या बियांना उगवायला उजेड लागतो. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात ‘ग्रँड रॅपिड्स’ या लेट्यूसच्या बियांवर तांबड्या प्रकाशाचे प्रयोग झाले. वनस्पतींना उजेडाची जाणीव करून देणाऱ्या रंगद्रव्याचा माग त्यातूनच लागला.

इतक्या चोखंदळ पिकाने बारा महिने, एकाच आकाराचे, करकरीत गड्डे द्यावेत अशी आज शहरांतल्या हॉटेलांची आणि बर्गरच्या दुकानांची अपेक्षा असते. ही अपेक्षाच आता तपासून घ्यायला हवी.

महाराष्ट्राला हे जमत नाही, असं मुळीच नाही. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये भारतात पहिलं दुकान थाटलं, तेव्हा आइसबर्ग, म्हणजे लेट्यूसचा गड्डा बांधणारा प्रकार, हा आपल्याकडे हिवाळ्यापुरता माल होता. तळेगावच्या त्रिकाया फार्मने निवडक बियाणं, ठिबक सिंचन, तोडणीनंतर मालातली उष्णता काढून टाकणारी प्री-कूलिंगची खोली आणि शीतवाहनं यांच्या जोरावर तो वर्षभर पुरवून दाखवला. सह्याद्रीच्या पायथ्याचा कोबीसारखा दिसणारा गड्डा दूरच्या शहरांत ताजा पोहोचू लागला, ही कामगिरी मोठीच. पण त्यामागे भांडवल, शीतसाखळी आणि हमखास गिऱ्हाईक असं तिन्ही उभं होतं. वीस गुंठ्यांत शेडनेट टाकून याच वाटेने निघालेल्या शेतकऱ्याकडे यातलं एखादंच असतं.

उन्हाळा या पिकाला तीन बाजूंनी गाठतो. एक तर उगवण मार खाते. जगलेली रोपं मोठी झाली, की कांद्याला डेंगळे यावेत तसा मधला दांडा वर सरकतो. तो मोडून पाहिला, की पांढरा चीक ओघळतो, आणि पान जिभेवर ठेवताच कडवट लागतं. तिसरा त्रास म्हणजे आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळतात. जमिनीत कॅल्शियम असलं तरी वाढ झपाट्याची असते, आणि मिटलेल्या गड्ड्यातल्या पानांतून पाण्याची वाफ फारशी होत नसल्याने ते तिथवर पोहोचत नाही. बाहेरून गड्डा देखणा दिसतो, कापल्यावर कळतं. नुकसान तोपर्यंत शेतकऱ्याच्या नावावर पडलेलं असतं.

आइसबर्गचं दुखणं असं, की त्याला गड्डा बांधायला अडीच महिन्यांच्या आसपास शेतात उभं राहावं लागतं. सुट्या पानांचे ओकलीफ, लोलो रोसो किंवा बटाव्हियन प्रकार दीड महिन्यात कापता येतात. दांडा निघायच्या आत माल बाजारात गेलेला असतो.

आइसबर्गची सवय जगाला लावणाऱ्या अमेरिकेतही एकाच रानाकडून बारा महिने पीक घेत नाहीत. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत माल कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यातून येतो. थंडीत सगळा पसारा शेकडो किलोमीटरवरच्या ॲरिझोनातल्या युमाच्या वाळवंटी पट्ट्यात हलतो. काही कंपन्या सॅलड भरायची यंत्रंसुद्धा सोबत नेतात. तिथे हवामान बदललं, की शेतच जागा बदलतं.

आणि माल खरोखरच नसला, तर पदार्थही बदलतो. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात पुरांमुळे लेट्यूस महागलं, तेव्हा केएफसीने बर्गरमध्ये लेट्यूस आणि कोबी मिसळून घातला. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा तुटवडा पडला, तेव्हा उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्ड्सच्या अनेक दुकानांतून तो काही काळ गायबच झाला. अडचणीत सापडल्यावर जे करता येतं, ते आधी ठरवून का करू नये? दर उन्हाळ्यात तीन महिने बर्गरमध्ये बारीक चिरलेला कोबी आणि सॅलडमध्ये सुट्या पानांचं लेट्यूस राहिलं, तर खाणाऱ्याचं फारसं काही बिघडणार नाही.

खरी संधी पावसाळ्यानंतरच्या, थंडीच्या महिन्यांत आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात थंडीत भाजी पिकवणारे दिवस दहा तासांच्या खाली गेला की वाढ खुंटते म्हणून सगळी लागवड आधीच उरकून ठेवतात. पुण्यात डिसेंबरातला सर्वांत छोटा दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो, आणि मैदानी भागात दहिवराची भीतीही क्वचितच. म्हणजे आपल्याकडे थंडीत पीक थांबत नाही. उलट याच दिवसांत त्याचा रंग, गोडी आणि वजन साधतं. पाऊस ओसरताना सप्टेंबरात पहिले ट्रे भरावेत आणि पुढे दर दहा-पंधरा दिवसांनी थोडी थोडी रोपं टाकत जावीत. तसं केलं, की दिवाळीनंतर सगळा माल एकदम येऊन भाव पडत नाही आणि तोडणी मार्चपर्यंत चालते. त्यानंतर आइसबर्ग हवाच असेल, तर तो महाबळेश्वर-पाचगणीच्या किंवा निलगिरीच्या उंचीवरून यावा, आणि त्या वाहतुकीचे पैसे मागणाऱ्याने मोजावेत.

यासाठी खरेदीचे करार बदलावे लागतील. वर्षभराचा एकच दर लिहिला, की उन्हाळ्यातली शेडनेट, जादा पाणी आणि वाया गेलेले गड्डे, सगळं उत्पादकाच्या माथी येतं. हंगामानुसार दोन दर, उन्हाळ्यात आइसबर्गऐवजी सुट्या पानांचा माल चालेल असं एक कलम, आणि आतून जळालेल्या गड्ड्यांच्या नुकसानीत खरेदीदाराचाही वाटा, एवढं तरी त्यात हवं. हे बोलणं सप्टेंबरची पेरणी होण्याआधी, ऑगस्टमध्येच व्हायला हवं. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी त्या वेळी एकत्र बसून अटी मांडल्या, तर एकट्या शेतकऱ्यावर मिळेल तो दर घ्यायची पाळी येणार नाही.