प्रमाणपत्राच्या बदल्यात सहाशे वीस नोंदी

एका संग्रहालयाच्या ॲक्सेशन रजिस्टरमध्ये एका वस्तूपुढे बरीच वर्षं असं लिहिलेलं होतं : ‘लाकडी कोरीव पात्र, तळाला तीन छिद्रे, बहुधा पूजाविधीचे उपकरण.’ मागच्या वर्षी माझी मावसबहीण तिथे इंटर्न म्हणून लागली. तिने ते उचललं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, हे चाडं आहे. तिफणीवर बसवतात. पेरताना त्यात मुठीने बी सोडत जायचं, ते तीन नळ्यांतून तीन ओळींत पडतं. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या आजीने तीसेक पावसाळे हे काम केलं. पूजाविधीशी त्याचा संबंध असलाच तर पेरणीच्या दिवशी लावलेल्या हळदीकुंकवापुरता.

रजिस्टरमधली नोंद बदलली. बहिणीला मात्र तीन महिन्यांत एक रुपया मिळाला नाही. शेवटच्या दिवशी गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्रावर तिच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला. कलेतलं मला फारसं कळत नाही, संग्रहालयात गेलोच तर शाळेच्या सहलीतून. पण ही मुलगी तिथे रोज काय करते हे मी तीन महिने जवळून पाहत होतो, कारण रात्री एक्सेल अडलं की फोन मलाच यायचा. वस्तू काढायची, मऊ ब्रशने झटकायची, मोजायची, पट्टी ठेवून फोटो काढायचा, माप, द्रव्य, अंदाजे काळ, सद्यस्थिती, कपाटाचा क्रमांक हे सगळं भरायचं. अशा सहाशे वीस वस्तू. आमच्या भाषेत याला डेटा एन्ट्री म्हणून कुणी हिणवेल, पण मी त्या फायली पाहिल्यात. जुन्या रजिस्टरमध्ये एकाच क्रमांकाच्या दोन वस्तू होत्या, इंचांची सेंटिमीटर करताना कुणीतरी घोळ घातला होता, अडकित्ते ‘शस्त्रे’ या सदरात होते. ते सगळं तिने निस्तरलं.

आता माझी इंटर्नशिप सांगतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी एका कंपनीत सहा महिने होतो. महिना वीस हजार मिळायचे. जेवण फुकट. मी तिथे एक डॅशबोर्ड बनवला, जो मी सोडल्यावर कुणी उघडलासुद्धा नाही. मला जावा नीट येत नव्हतं, ते तिथल्या लोकांनी वेळ घालवून शिकवलं. म्हणजे ज्याने काहीच उपयोगाचं केलं नाही त्याला पैसे मिळाले, आणि जिच्या नोंदींवर ते संग्रहालय पुढची वीस वर्षं काढणार तिला ‘शिकायला मिळतंय ना’ हे ऐकवलं गेलं.

या ‘शिकायला मिळतंय’चा मला खरा राग आहे. तिथे तिला कोण शिकवत होतं? क्युरेटर आठवड्यातून दोनदा यायचे. वस्तूंची जपणूक कशी करायची हे ती यूट्यूबवर पाहायची. उलट चाडं काय असतं हे तिनेच संग्रहालयाला शिकवलं. त्याची फी तिने लावली नाही.

मग हे चालतं कसं? आता तर अभ्यासक्रमच याला हातभार लावतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांत एम.ए.ला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे ४ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवसांत संपतं. पण सही संस्थेच्या हातात असते. वीस दिवस झाल्यावर ‘एवढं कपाट पूर्ण करून जा’ असं म्हटलं, तर नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

सरकारला हे तत्त्व मान्य नाही असंही नाही. २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना ५,००० रुपये ठरवले गेले. त्याच वर्षीच्या राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६,००० आणि पदवीधराला १०,००० ठरवले गेले. शिकाऊ माणसालाही पोट असतं हे दोन्ही सरकारांनी मान्य केलं. फक्त दोन्हीकडे तेव्हा अट अशी होती, की तुम्ही सध्या शिकत असाल तर अर्ज करू नका. म्हणजे शिकणं संपलं की शिकण्याचे पैसे मिळतील.

संग्रहालयांचं उत्तर ठरलेलं असतं : आमच्याकडे पैसे नाहीत. लहान विश्वस्त संस्थांच्या बाबतीत ते खरंही आहे. तिकिटांच्या उत्पन्नात वीजबिल निघत नाही, मंजूर पदं रिकामी असतात. हे मी नाकारत नाही. पण हिशोब तर करून पाहा. चार मुलं, तीन महिने, प्रत्येकी दहा हजार. एक लाख वीस हजार. माझ्या टीमच्या एका ऑफसाइटला याहून जास्त उडतात. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सीएसआरचा पैसा कला, संस्कृती आणि वारसा यांच्या जतनावर खर्च करायला स्पष्ट मुभा आहे. आमच्या कंपनीत दर वर्षी विचारतात, यंदा काय करू या, आणि दर वर्षी आम्ही टी-शर्ट घालून शाळेची भिंत रंगवतो. एखाद्या संग्रहालयाने येऊन इंटर्नच्या मानधनासाठी पैसे मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. नव्या दालनासाठी मागतात. दालनावर देणगीदाराची पाटी लागते, इंटर्नवर लावता येत नाही.

आणि हे जमतं. लॉस एंजेलिसमध्ये गेटीने १९९३ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना पगारी इंटर्नशिप दिल्या, त्यासुद्धा स्वतःपुरत्या नाही. शहरातल्या इतर संग्रहालयांना त्यासाठी पैसे दिले, कारण या संस्थांमध्ये कुठल्या घरांतली मुलं येतात आणि कुठली येत नाहीत, हे त्यांना दिसत होतं. अमेरिकेतल्या कला संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पगारी इंटर्नशिपच्या बाजूने ठराव केला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासारख्या गडगंज संस्थेला मात्र सगळ्या इंटर्नना पैसे देण्यासाठी २०२० मध्ये ५० लाख डॉलरची देणगी मिळावी लागली. तेव्हा हा आपलाच रोग आहे असं नाही, पण तिकडे निदान लाज वाटली.

कुठल्या घरांतली मुलं, हाच कळीचा मुद्दा. बहिणीने आधीच्या तीन वर्षांच्या इंटर्नची यादी पाहिली होती. पत्ते कोथरूड, एरंडवणे, औंध. त्या मुलांचा यात दोष नाही, मन लावून काम केलं असेल त्यांनी. पण संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हातचं जेवता येत असेल तरच परवडणारं काम जिथे असतं, तिथे चाडं पूजेचं भांडंच होणार. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तूंचा संग्रह उभा केला, कारण इतिहास तिथेही आहे हे त्यांना कळलं होतं. त्या वस्तू ज्यांच्या घरांत वापरात होत्या, त्या घरांतली मुलं त्यांची नोंद करायला नकोत का?

बहिणीला परवडलं, कारण कॉट बेसिसचं भाडं, डबा आणि बसचा पास मिळून महिन्याचे नऊ-साडेनऊ हजार मी देत होतो. दादा आहे, दिले. पण नीट पाहिलं तर मी तिला मदत केलीच नाही. त्या संग्रहालयाच्या एका कर्मचाऱ्याचा पगार मी तीन महिने भरला. ज्या मुलीला असा दादा नाही तिने काय करावं?

आणखी एक गोष्ट, जी कदाचित माझ्यासारख्यालाच खटकेल. आम्ही कोड लिहितो तेव्हा गिटमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती कुणी, कधी लिहिली याची नोंद राहते. नवख्या इंटर्नच्या ओळीपुढेही त्याचंच नाव. तिच्या फाईलमध्ये ‘नोंदकर्ता’ असा रकाना होता. तो तिने भरला होता. अंतिम प्रतीत तिथे क्युरेटरांचं नाव आलं, सहाशे वीस वेळा. एक्सेलमध्ये त्याला एक कृती पुरते.

बहीण सध्या बँकेच्या परीक्षेची तयारी करते. यंदाच्या जूनमध्ये त्या संग्रहालयाची नवी जाहिरात आली, ती तिनेच मला पाठवली. इतिहास, पुरातत्त्व, दृश्यकलेच्या विद्यार्थ्यांना सुवर्णसंधी. कालावधी तीन महिने. मानधन नाही, प्रमाणपत्र मिळेल. ग्रामीण वस्तूंची माहिती असल्यास प्राधान्य. स्वतःचा लॅपटॉप आणावा.