प्रीमियम पेट्रोल, सनरूफ आणि उसाचे बिल

उसाचे बिल किंवा कांद्याची पट्टी हातात आली की पूर्वी बैलजोडी यायची, मग मोटारसायकल, मग ट्रॅक्टर. आता चारचाकी येते. गाडी घेण्यात वाईट काही नाही. पण पारावर गाडीवाल्यांच्या गप्पा ऐकल्या की एक गोष्ट खटकते. ट्रॅक्टरला तासाला किती डिझेल लागते हे ज्याला तोंडपाठ आहे, तोच शेतकरी चारचाकीत मात्र कोणीतरी सांगितले म्हणून महागाचे पेट्रोल भरतो आणि वर "पिकअप वाढला राव" असे सांगतो.

या महागाच्या पेट्रोलवर ९५ ऑक्टेन असे लिहिलेले असते. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. इंजिनात दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल आपल्या आपण पेटू नये, इंजिनाने नॉकिंग करू नये, यासाठी लागणारा तो गुण आहे. जमिनीत स्फुरद भरपूर असताना आणखी दोन पोती टाकली तर उतारा वाढतो का? तसेच हे. ज्या इंजिनाची रचनाच जास्त ऑक्टेनची आहे आणि तसे गाडीच्या पुस्तकात लिहिले आहे, त्याने जरूर भरावे. बाकीच्यांनी आधी पुस्तक उघडावे. ते बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतच पडून असते.

दुसरे असे की साधे पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९१ वरून ९५ वर गेले, असे केंद्र सरकारने २०२५ मध्येच सांगितले आहे. मग ९५ साठी जादा पैसे कशाचे? प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारी रसायने असतात हे खरे, त्याचा थोडा उपयोगही होतो. पण वर्षाला १०,००० किलोमीटर आणि १८ चे ॲव्हरेज धरले तर साडेपाचशे लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे आठ रुपये फरक धरला तर साडेचार हजारांच्या आसपास गेले. तेवढ्यात एअर फिल्टर आणि ऑइल बदलून वर पैसे उरतात.

आता ॲव्हरेजची तक्रार. "इथेनॉल आल्यापासून गाडी कमी चालते" असे सगळेच म्हणतात, आणि ते खोटे नाही. लिटरला लिटर तोलले तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या रचनेच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट येईल असे म्हटले आहे. म्हणजे १८ देणारी गाडी १७ वर येणार. त्याच अहवालात असे इंधन ग्राहकाला स्वस्त मिळावे अशीही शिफारस होती. ती अमलात आली नाही. आपली गंमत अशी की त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसाचे. कारखान्याकडून बिल वेळेवर मिळायला त्याचा हातभार लागतो, म्हणून मी इथेनॉलच्या बाजूचा आहे. पण म्हणून पंपावर गप्प बसावे असे नाही. ऊर्जा कमी तर दरही कमी, ही मागणी ऊस उत्पादकाने करायला काहीच हरकत नाही. आणि पंपावर प्रीमियम लिहिले म्हणजे ते बिनइथेनॉलचे असते, असेही समजू नका.

खरा खर्च पेट्रोलचा नाहीच. तो घसाऱ्याचा आहे आणि तो खिशातून जाताना दिसत नाही. विम्याच्या कोष्टकात गाडी पाचव्या वर्षात गेली की किमतीत ५० टक्के घट धरतात. नऊ लाखांची गाडी घेतली तर पाच वर्षांत साडेचार लाख गेले. वर्षाला ९०,००० रुपये. वर्षाला १०,००० किलोमीटर पळाली तर किलोमीटरला नऊ रुपये. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले तरी किलोमीटरला सहा रुपयांच्या आतच बसते. त्यात कर्जाचे व्याज, विमा, टायर हे धरलेलेच नाही. नोंदणीचा ११ टक्के कर निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि शोरूममध्ये गर्दी झाली. पण कर कमी झाला, घसारा नाही.

शोरूमवाला मात्र सनरूफ उघडून दाखवतो. पोरेटोरे खूश. मळ्याच्या रस्त्याला फुफाटा उडतो, छपरातून काय बघायचे? मोठा टचस्क्रीन, रुंद अलॉय व्हील यांचेही तेच. आपल्याकडे बघायचे ते गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे, स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, तालुक्याच्या गावी सर्व्हिस होते का. आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार? कडब्याच्या किंवा सोयाबीनच्या पोत्यांच्या शेजारी लावलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

ज्यांची गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर पळते, त्यांना घसाराच किलोमीटरला तीस रुपये पडतो. लग्ने आणि देवदर्शन एवढेच काम असेल तर भाड्याची गाडी केव्हाही स्वस्त. मात्र रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा दारात गाडी असणे ही वेगळी गोष्ट आहे, तिथे मी हिशेब मांडत नाही. अशांनी दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी बघावी. घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो. फक्त गाडी एप्रिल २०२३ नंतर बनलेली घ्या, म्हणजे टाकीपासूनच्या नळ्या आणि रबर २० टक्के इथेनॉलला चालणारे असतील. सर्व्हिसची पावती पुस्तके मागून घ्या आणि ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर न्या.