सोन्याचा जन्मदाखला

धनत्रयोदशीला दुबईच्या गोल्ड सूकमध्ये किंवा एडिसनच्या ओक ट्री रोडवर तुम्ही बांगड्या घेता, तेव्हा दुकानदार २२ कॅरटची खात्री देतो. म्हणजे हजारात साधारण ९१६ भाग सोनं. ते कुठल्या मातीतून आलं, हे मात्र कुठलाच शिक्का सांगत नाही. अ‍ॅमेझॉनमधली सोन्याची गुन्हेगारी या कोऱ्या जागेवरच जगते, असं माझं मत आहे.

पेरूचा माद्रे दे दिओस प्रांत बघा. तिथलं सोनं नदीकाठच्या गाळात बारीक कणांनी विखुरलेलं आहे. झाडं पाडायची, पंपाने जमीन उकरायची आणि गाळात पारा कालवायचा. पारा सोन्याचे कण धरतो. हा गोळा तापवला की पारा वाफ होऊन उडतो आणि सोनं उरतं. उडालेला पारा जातो कुठे? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं चकित करणारं उत्तर मिळालं. खाणींजवळच्या लोस अमिगोस या राखीव जंगलात झाडांची दाट पानं हवेतला पारा अडवतात आणि पावसाबरोबर तो जमिनीत उतरतो. म्हणजे ज्या झाडांना कुऱ्हाड लागली नाही, तीच हे विष गोळा करत बसली आहेत! पाण्यात गेलेल्या पाऱ्याचं जिवाणू मिथाइल मर्क्युरी करतात. ते माशांत साठतं आणि माशांतून माणसांत येतं. २०१६ मध्ये या प्रांतात पाऱ्यापायी आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

खाणीच्या आसपास डिझेल आणि पाऱ्याची तस्करी, खंडणी, मुलींचा व्यापार हे सगळं आलंच. २०१९ मध्ये पेरू सरकारने ला पाम्पा भागात पोलीस आणि लष्कर घुसवलं. तिथलं खाणकाम खूप घटलं, पण इतरत्र वाढलं.

कारण खरा गुन्हा कागदावर पूर्ण होतो. ब्राझीलमध्ये तर २०१३ च्या कायद्याने सोनं विकणाऱ्याचा शब्दच खरा धरला जायचा. सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत थेट २०२३ मध्ये स्थगित केली. मायामीतल्या एका सोनेव्यापारी कंपनीतून लॅटिन अमेरिकेतलं अब्जावधी डॉलर्सचं सोनं अमेरिकेत आलं, त्यातलं बरंचसं बेकायदा. त्या खटल्यात तिच्या मूळ कंपनीने २०१८ मध्ये गुन्हा कबूल केला.

सोन्यातल्या इतर धातूंच्या सूक्ष्म अंशांवरून त्याची खाण ओळखता येऊ शकते. ब्राझीलचे फेडरल पोलीस त्यासाठी नमुने जमवत आहेत. पण शुद्धीकरण कारखान्यात दहा ठिकाणचं सोनं एकत्र वितळलं की ही खूण पुसली जाते. म्हणून तपासणी मुशीच्या आधी हवी, आणि तिचा खर्च कारखान्यांनी उचलावा, परवाना घेऊन खणणाऱ्या गरीब माणसाने नव्हे.

पुढच्या खरेदीला दुकानदाराला विचारा, सोनं कुठल्या कारखान्यातून येतं. 'रिसायकल्ड आहे' म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका. ताजं सोनं एकदा वितळवून जुनं म्हणून खपवणं, ही याच धंद्यातली एक युक्ती आहे.